दिसेल तेवढ्या लांब

गिताबाईच्या नाकावर कायम राग असायचा, पण रविवारी तो घरी ठेवून ती बाहेर पडायची. भाकरी टोपल्यात, मेंढरांचं पाणी नवऱ्याच्या गळ्यात आणि आरसा कमरेच्या पिशवीत, अशी वाटणी करून ती वस्तीमागच्या टेकाडावर चढायला लागायची. कवठे येमाईच्या शिवारातली ही दहा-बारा घरांची धनगरवस्ती. टेकाड आपलं म्हणायला टेकाड. चढताना तरण्याताठ्या माणसाच्या छातीचा भाता व्हायचा. मोजणीची माणसं एकदा वर दुर्बिणी लावून बसली होती, ती पायथ्यापासून पावणेपाचशे फूट सांगून गेली होती. गिताबाईची पन्नाशी उलटलेली, उजवा गुडघा कुरकुरणारा, पण आठ वर्षांत तिचा एकच रविवार चुकला. त्या दिवशी माऊलीचं, म्हणजे तिच्या मुलाचं लग्न होतं, आणि मुहूर्त नेमका रविवारचा काढला म्हणून सुनेच्या माहेरच्यांना ती अजून नावं ठेवत होती.

वर जाऊन ती लेकीशी बोलायची. लेक दौंडला होती.

हे बोलणं कसलं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. हे घर आता कांदा आणि मका पिकवतं, गोठ्यात पंधरा मेंढरं उरलीत. पण गिताबाईचं अर्धं आयुष्य चालण्यात गेलं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन निघायचं, ते पाऊस डोक्यावर आल्यावर परतायचं. एका भावाची मेंढरं या माळावर, दुसऱ्याची पलीकडच्या माळावर. मध्ये हाक पोचत नाही एवढं रान. अशा वेळी बायका कुंकवाच्या पेटीतला आरसा काढायच्या. डावा हात पुढं ताणून दोन बोटं फाकवायची, पलीकडचा माळ त्या बोटांच्या फटीत धरायचा आणि उजव्या हातातल्या आरशाचा कवडसा बोटांवर पाडायचा. बोटांवर पडला की पुढं तो थेट जातो. तीनदा चमकवलं तर आम्ही बरे आहोत. सारखं हलवत राहिलं तर निघून या. याच्यापेक्षा जास्त बोलायची कुणाला फुरसत नव्हती.

मल्हारीच्या, म्हणजे गिताबाईच्या नवऱ्याच्या भावकीत लेक द्यायचं मापही डोळ्यांचंच होतं. लेक दिसेल तेवढ्या लांब द्यावी, त्याच्या पलीकडं देऊ नये. ज्या माणसांचा मैलाच्या दगडांशी कधी संबंध आला नाही, ती आणखी कशानं मोजणार? नव्वद सालाच्या अलीकडच्या उन्हाळ्यात दौंडचं स्थळ आलं. मुलगा पोपट, रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये कायम, राहायला सरकारी क्वार्टर. मल्हारी मध्यस्थाला घेऊन टेकाडावर चढला. आग्नेयेला, आभाळ जमिनीला टेकतं तिथं, एक पांढरी टाकी तांदळाएवढी दिसत होती.

"ती बगा रेल्वेची टाकी. दौंड त्येच," मल्हारी म्हणाला.

मध्यस्थानं मान डोलावली. त्याच्या बापाचं काय जात होतं? आणि लेक दिली गेली.

तिचं नाव नकुशी. आधीच्या दोन मुली जगल्या नाहीत आणि तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा गिताबाईच्या सासूनं हे नाव ठेवलं आणि गिताबाईनं ते ठेवू दिलं. बाळंतिणीला कोण विचारतं, असं ती पुढं म्हणायची, पण ते तिचं तिलाच पटायचं नाही. दौंडला लग्नात नाव बदलून सारिका ठेवलं. ऐकून गिताबाईला बरं वाटलं आणि लाजही वाटली. जे आपण वीस वर्षांत केलं नाही, ते परक्या माणसांनी एका सकाळी तांदळात बोट फिरवून केलं.

पाठवणीच्या वेळी नकुशी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आये, लई लांब हाय गं."

"कुठं लांब? दिसतंय की हितनं!" गिताबाईनं तिच्या हातात एक गोल आरसा दिला. जत्रेतून एकदम घेतलेल्या जोडीतला तो एक, दुसरा तिच्याजवळ. "दर रविवारी दावायचं. सकाळी दिस तुझ्या अंगाला आसतो, तवा माझी पाळी. चार वाजल्यानंतर दिस हिकडं कलतो, तवा तुझी. मी बगत आसंन."

पहिल्या रविवारी साडेचारच्या सुमाराला पांढऱ्या टाकीच्या बुडाशी काहीतरी लखलखलं. गिताबाई एकटीच टेकाडावर हसली आणि एकटीच रडली. मग दर रविवारी. ढग नसले की साडेचारला लखलख ठरलेली. टेकाडावरून उतरताना ती ओव्या म्हणायची आणि त्या दिवशी घरात कुणाला ओरडा बसायचा नाही.

पहिली दोन वर्षं नकुशी पंचमीला आणि दिवाळीला यायची. "माझं दिसतं का गं?" गिताबाई विचारायची. "दिसतं की," ती म्हणायची. "आन् माझं?" लेक विचारायची. "व्हय तर!" मग तिचं येणं कमी झालं. तिला मूल होईना. आली की वस्तीतल्या बाया आधी तिच्या पोटाकडं बघायच्या, मग तोंडाकडं. त्यातली तानुबाई तर एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "आवंदा तरी पेढं दे बाई." नकुशीनं त्या दिवशी जेवणच टाकलं. पुढं कधी पोपटची नाईट ड्युटी, कधी सासूचं दुखणं. तीन वर्षं झाली, ती आली नव्हती.

मग गिताबाईनं जावं? तर तिथंही पाय बांधलेले. लेकीच्या मांडीवर मूल खेळत नाही तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज. गिताबाई एकदा गेली होती, चार वर्षांपूर्वी. नकुशीनं क्वार्टरच्या पायरीवर पाट टाकला, गिताबाई त्यावर तासभर बसली, तहान लागली तेव्हा उठून स्टेशनच्या नळावर गेली. शेजारपाजारच्या बाया दारात येऊन बघत होत्या. लेकीचं वांझपण आपण पायरीवर मांडून बसलोय असं गिताबाईला झालं. परत जायची तिची हिंमत झाली नाही. तेव्हा तिनं क्वार्टरमागची पाण्याची टाकीही बघितली होती. ती काळपट लोखंडी होती. उन्हात लांबून पांढरी दिसत असेल, असं गिताबाईनं ठरवून टाकलं. माणसाला ठरवायचं असलं की काहीही ठरवता येतं.

तर असं सगळं आठ वर्षं रांगेला लागलेलं होतं, आणि त्यात रूपाली आली.

रूपाली म्हणजे माऊलीची बायको. तळेगाव ढमढेऱ्याला बारावी सायन्स झालेली, पुढं शिकायचं म्हणून बापाशी भांडलेली आणि हरलेली. पुस्तकांची एक पिशवी तिनं रुखवताबरोबर आणली होती. मुलगी गुणाची, पण खोटं बोलता येत नाही हा तिच्यातला मोठा दोष. एका मंगळवारी एक मेंढी चुकली, ती शोधत रूपाली टेकाडावर गेली. रात्री ताटं वाढताना ती सहज म्हणाली, "आत्या, तुमचं ते रविवारी चमकतंय ना, ते आज बी चमकत होतं."

गिताबाईचा घास हातातच राहिला. "आज कुटला रविवार?"

"तेच म्हणते मी. साडेचारलाच. बराच येळ."

बुधवारी गिताबाई वर गेली. साडेचारला लखलखलं. गुरुवारी गेली. लखलखलं. तीनदा नाही, सारखंही नाही. थंडपणे, एका जागी, ऊन कलेपर्यंत. कुणाच्या तरी शेडचा पत्रा होता तो. आठ वर्षं ती एका पत्र्याला विचारत होती, बरी हायस का गं?

ती खाली आली ती थेट रूपालीसमोर उभी राहिली. "तुला लई कळतंय ना? मग सांग. माझी लेक का दिसत न्हाई?"

रूपाली घाबरली, पण तिनं पुस्तक आणलं. त्यात समुद्राचं चित्र होतं, काठावर एक माणूस उभा आणि त्याच्या डोळ्यापासून निघालेली रेघ पाण्याला टेकून संपलेली. शेजारी आपल्या धाकट्या भावाचा जिल्ह्याचा नकाशा पसरून तिनं त्यावर दोरा धरला.

"आत्या, राग धरू नका. आभाळ टेकल्यासारखं दिसतं त्याला क्षितिज म्हणतात. ते किती लांब हाय त्याचं गणित आसतं. डोळा जमिनीपासनं किती मीटर वर हाय ते घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आन् साडेतीननं गुणायचं. तुम्ही सपाट माळावर उभ्या ऱ्हायल्या तर डोळा दीड मीटरवर. उत्तर येतं सव्वाचार-साडेचार किलोमीटर."

"आन् त्याच्या म्होरं?"

"म्होरं जमीन खाली वळती. पृथ्वी गोल हाय ना. माणूस हाय तिथंच आसतो, पर दिसत न्हाई."

"मी माळावर न्हाई, टेकाडावर उभी आसते."

"त्ये बी केलं. पावणेपाचशे फूट म्हंजी एकशेचव्वेचाळीस मीटर. वर्गमूळ बारा. बारा साडेतीन बेचाळीस. तुम्हाला बेचाळीस किलोमीटर दिसतं." रूपालीनं दोऱ्यावर बोट ठेवलं. "आन् दौंड छप्पन हाय. ती पांढरी टाकी अलीकडच्या कुठल्यातरी गावाची."

गिताबाई नवऱ्याकडं वळली. मल्हारी भिंतीला टेकून तंबाखू मळत होता आणि कधी नाही ते त्याचं सगळं लक्ष तंबाखूत होतं.

"आवं, तुम्ही तर म्हणला हुता दौंड हाय म्हणून!"

"तवा मला तसंच वाटलं हुतं."

"तवा? आन् मग?"

मल्हारीनं मळलेली तंबाखू तशीच डबीत टाकली. "दुसऱ्याच वर्षी लोकर इकाय गेलो हुतो दौंडाला. पोरीच्या घरामागल्या टाकीखाली उभा ऱ्हायलो आन् वर बगितलं. आपलं टेकाड कुटंच न्हवतं. तवाच कळलं."

"सा-सात वर्सं ठावं हाय तुम्हाला?"

"तू ओव्या म्हणत उतरायचीस गं," मल्हारी म्हणाला. "कसं सांगू?"

त्यानंतर तीन दिवस गिताबाईनं तोंडाला कुलूप लावलं. कामं सगळी केली, धुणं आपटून धुतलं, भाकरी थापटताना परातीचा आवाज चार घरं जाईल असा केला. पण बोलली नाही. तिला नवऱ्याचा राग होता, सुनेचा होता, मध्यस्थाचा तर होताच. पण आत एक वेगळंच दुखत होतं. आपण उभ्या महाराष्ट्रात चाललो, असं ती जन्मभर मानत आली होती. केवढं जग बघितलं! आणि आता ही पोरगी सांगते, एका वेळेला सव्वाचार किलोमीटर. चालेल तसा तेवढाच गोल बरोबर चालला. त्याच्या पलीकडं नेहमीच कुणी ना कुणी राहून गेलं. मागं सोडलेली आई, वाटेत पुरलेल्या दोन मुली, आणि आता ही. तिला लेकीची इतकी आठवण आली की चुलीपुढं बसल्याबसल्या तिला हुंदका फुटला, आणि धुरावर ढकलायचंही तिला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी रूपाली पुन्हा पुस्तक घेऊन आली. माऊलीनं डोळ्यांनी तिला नको म्हणून खुणावलं, पण तिनं बघितलं नाही.

"आत्या, पुढच्या पानावर आजून एक चित्र हाय. काठावर दीपगृह आन् लांब जहाज. खालचं जहाज दिसत न्हाई, पर डोलकाठीचं टोक दिसतं. म्हंजी दोघांची गणितं मिळवायची. तुमचं बेचाळीस आन् नकुशीवन्संचं त्यांच्या उंचीचं. त्या जमिनीवर उभ्या ऱ्हायल्या तर मधी धा किलोमीटर कमी पडतं. पर त्यांच्या घरामागं टाकी हाय ना, ती किती उंच आसंल?"

"पन्नास फूट म्हणत्यात," मल्हारी कोपऱ्यातून म्हणाला. "वरचा कठडा धरला तर दोन-तीन फूट जास्तच."

"म्हंजी सोळा मीटर. वर्गमूळ चार. चार साडेतीन चौदा." रूपालीचे डोळे चमकायला लागले. "बेचाळीस आन् चौदा छप्पन! जेमतेम, आत्या, पर भिडतंय."

 मग तीन दिवसांनी गिताबाईचं पहिलं वाक्य आलं. "लांब दिली आपण, आन् चढायचं पण तिनंच?"

 गुरुवारी माऊली दौंडला निघाला. शिरूरजवळच्या ज्या कंपनीत तो होता तिथं गुरुवारची सुट्टी असायची. तो रात्रीच्या शेवटच्या जीपनं परतला तेव्हा गिताबाई अंगणातच उभी होती.

"आये, ती म्हणली, तिला कवाच काय दिसलं न्हाई. पहिल्यापासनं. तुला वाईट वाटंल म्हणून दिसतं म्हणायची. दोन वर्सं अंगणातनं आरसा दावला, मग सोडून दिलं."

"सोडलं?"

"सा वर्सं झाली."

गिताबाईनं पदर दातांत धरला. "आन् टाकीचं सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. चित्र काढून दावलं. नुसती ऐकत हुती. मग म्हणली, आये आजून दर रविवारी चढती? मी म्हणलो, चढती. तर आत निघून गेली."

"चढंन म्हणली का न्हाई?"

"व्हय बी म्हणली न्हाई आन् न्हाई बी म्हणली न्हाई. दाजी म्हणले, टाकीवर चढू देत न्हाईत, साहेब वरडतो."

आता गिताबाईला दिसण्या-न दिसण्याची तेवढी पर्वा उरली नव्हती. तिला एवढंच कळायला हवं होतं, लेक चढली का. जिला नकुशी म्हणून हाक मारली, दिसत नसताना दिसतंय म्हणून जिला लांब ढकललं, ती आपल्यासाठी पन्नास फूट चढेल का? का तिच्याही लेखी आई आता त्या वळलेल्या जमिनीच्या पलीकडं गेली? शुक्रवार आणि शनिवार तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक.

रविवारी सकाळी ती गेलीच नाही. सकाळची पाळी आपली, पण लेक सकाळी टाकीवर नसणार हे तिला कळत होतं. दुपारी तीनलाच ती आणि रूपाली वर पोचल्या. रूपालीनं नकाशावरून दिशा काढली होती: पांढऱ्या टाकीच्या डावीकडं चार बोटं, दोन बुटक्या टेकड्यांच्या मधल्या खिंडीत. गिताबाईनं तिकडं तोंड केलं आणि मांडी घातली.

साडेचार झाले. पांढऱ्या टाकीशी तो मेला पत्रा लखलखायला लागला. गिताबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खिंडीत निळसर काळं धूसर होतं. खाली नदीच्या अंगाला कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि त्याचा धूर आडवा पसरत चालला होता. पाच झाले. रूपालीचे डोळे पाणावले, तिनं ते पुसले, पुन्हा लावले. गिताबाईच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती. एकदा तिला वाटलं, दिसलं! पण ते वाटणं आणि दिसणं वेगळं आहे, हे आता तिला शिकवलं गेलं होतं. 

दिवस मावळतीला टेकला. रूपाली रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, ह्ये गणित समुद्रावरचं हाय. मधी टेकाडं हायत, धूर हाय, त्ये काय त्यात धरत न्हाईत. माझंच चुकलं."

"तुझं न्हाई चुकलं," गिताबाई म्हणाली आणि सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. तिनं असा आधार पहिल्यांदाच घेतला होता. "पर ती चढली आसंल का गं?"

"मला कसं कळणार, आत्या?"

"हितनं न्हाईच कळणार," गिताबाई म्हणाली.

उतरताना ती ओव्या म्हणाली नाही. घरी येऊन तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं, चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधायला घेतला आणि मग काय वाटलं कोण जाणे, भाकरी पुन्हा टोपल्यात टाकल्या. मल्हारीनं ते बघितलं. "वाटंला भाकरी न्हाई नेत?" त्यानं विचारलं. "न्हाई," ती म्हणाली. मग त्यानं उठून कंदिलाच्या उजेडात तिच्या चपलेचा सुटलेला अंगठा शिवून दिला.

सोमवारी पहाटेची जीप, शिरूरला एसटी, एसटीत उभ्यानं अर्धी वाट. तिनं खिडकीतून मागं वळून बघितलं तेव्हा टेकाड बराच वेळ दिसत होतं, मग अर्धं, मग नुसता माथा, मग तोही जमिनीत गेला. भीमेचा पूल ओलांडून ती दौंडात उतरली तेव्हा दहा वाजून गेले होते. घशाला कोरड पडली होती. स्टेशनचा नळ वाटेतच होता, चार बाया हंडे लावून उभ्या होत्या. गिताबाई तिथं थांबली नाही.

रेल्वेच्या क्वार्टरांची रांग, तिसरं दार. नकुशी दारात तांदूळ निवडत बसली होती. आईला बघून ती उठली ती सूपच सांडलं. केसांत दोन-चार पांढरे दिसत होते. वय अवघं अठ्ठावीस. ती आत गेली, पाट घेऊन आली आणि चार वर्षांपूर्वी टाकला होता तसा पायरीवर टाकला. टाकताना तिचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांच्या रेषांत तांबडा गंज भरला होता, धुऊनही न निघालेला. उजव्या तळव्याला फडकं बांधलं होतं.

गिताबाई त्या हातांकडं बघत राहिली. तिला कळायचं होतं ते कळलं होतं.

"आये, दिसलं का गं?" नकुशीनं विचारलं.

हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कितीदा विचारला होता आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच दिलं होतं. तेच उत्तर आत्ताही गिताबाईच्या ओठांवर आलं. ते दिलं असतं तर लेक हसली असती.

"न्हाई दिसलं," गिताबाई म्हणाली.

नकुशीचा चेहरा पडला. "हे खाली शिडी धरून उभे हुते. साहेब येईल म्हणून मला उतर उतर म्हणत हुते. मी तीनदा न्हाई दावलं, आये. सारखी हलवत हुते. दिस बुडंपातूर सारखी हलवत हुते."

सारखं हलवलं म्हणजे निघून या. गिताबाईनं खाली वाकून पाट उचलला, भिंतीला उभा करून ठेवला आणि पायरी चढून आत आली. आतल्या खोलीत पडलेली लेकीची सासू कण्हत उठून बसली. शेजारच्या दारातली बाई कमरेवर हात ठेवून बघायला लागली. गिताबाई चुलीच्या जागेसमोर, स्टोव्हच्या पुढ्यात, फरशीवर मांडी घालून बसली.

"न्हाई दिसलं गं पोरी. तरी आले. लई तहान लागलीय, पाणी दे."

नकुशी जागची हलली नाही. तिनं आईकडं बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं. "आये, आजून माझं काय..."

"ठावं हाय मला. पाणी दे."

नकुशीनं फडकं बांधलेल्या हातानं माठात तांब्या बुडवला आणि आईपुढं धरला. गिताबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा पिऊन संपवला. तोंड पदरानं पुसलं, तांब्या फरशीवर ठेवला आणि लेकीचा तो गंजका हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. सासू, शेजारीण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "काय बगती अशी? लांबनं आलीया तुझी आई. आता भाकरी टाक."